अकरा जांभळी रोपं

मंगळावरच्या आमच्या वस्तीत माणसं त्रेसष्ट आणि भाताचं शेत एकच, तेही जमिनीखाली. तिथल्या दिव्यांच्या काचा तडकल्या आणि अतिनील किरण (डोळ्यांना न दिसणारे, पण जाळणारे किरण) थेट पिकावर पडले. आम्हाला कळेपर्यंत नऊ दिवस गेले, हिरवं भात करपलं. पुढचं यान यायला चौदा महिने. कोपऱ्यातली अकरा जांभळी रोपं मात्र ठणठणीत होती. का, ते कुणालाच कळेना.

ती तिथे कशी राहिली हे मला ठाऊक होतं, पण सांगायची छाती होत नव्हती. दर रविवारी आम्ही मुलं भेसळ काढायचो. म्हणजे बियाणं शुद्ध राहावं म्हणून निराळ्या रंगाची रोपं उपटून टाकायची. ही शिस्त आबांची, माझ्या आजोबांची. वस्तीचे वनस्पतिशास्त्रज्ञ तेच. तो कोपरा माझ्या वाट्याचा होता आणि कंटाळा आला म्हणून मी तो तसाच सोडला होता, झालं!

शेवटी सांगून टाकलं. आबा रागावले नाहीत, त्याचंच मला जास्त भय वाटलं. एक पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते सावकाश समजावू लागले. अतिनील किरणांमुळे पानात मुक्त मूलकं (इलेक्ट्रॉनची जोडी मोडलेले कण) तयार होतात. ती शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन ओरबाडतात, तो शेजारी तिसऱ्याचा, आणि अशी पेशी नासत जाते. जांभळ्या पानात अँथोसायनिन (कोकमात, जांभळात असतं ते रंगद्रव्य) असतं. ते थोडे किरण अडवतं, शिवाय मूलकांना स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही लूटमार थांबवतं. अशा पदार्थाला प्रतिऑक्सिडीकारक म्हणतात.

"म्हणजे सहा वर्षं आपण नेमकी तीच उपटली?" मी विचारलं.

"मी उपटायला लावली," आबा म्हणाले.

संध्याकाळी सगळ्यांसमोर त्यांनी तेच सांगितलं. त्या दिवसापासून जेवण निम्मं झालं. अकरा रोपांना लोंब्या आल्या तेव्हा धाकटी पोरं भात मागायला लागली, पण आबांनी एक दाणाही दिला नाही. सगळे पेरले. मला त्यांचा भारी राग आला. भूकही लागली होती.

काचा बदललेल्या दिव्यांखाली दाणे उगवले. बरीच रोपं जांभळी निघाली, काही हिरवी. सवयीनं मी एका हिरव्या रोपाला हात घातला, तर आबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे ते. पुढच्या वेळी काय बिघडेल, मला ठाऊक नाही."

मी हात काढून घेतला. यान यायला अजून नऊ महिने आहेत. रोपं नऊशे बारा आहेत.