सव्वाआठ आणि साडेपाच

तिची आधी ओळख झाली ती त्याच्या चष्म्याशी. माणूस नंतर आला.

डोळ्यांच्या दवाखान्यात त्या सकाळी पाच जण एका ओळीत डोळे मिटून बसले होते, त्यांत तीही. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले की वीस मिनिटं पापण्या उघडायच्या नाहीत, अशी तिथल्या सिस्टरची सक्त ताकीद असायची. सगळ्यांचे चष्मे सिस्टरनं एका ट्रेमध्ये गोळा करून ठेवले होते. वीस मिनिटांनी जो हातात आला तो चष्मा तिनं नाकावर चढवला, आणि समोरच्या भिंतीवरचं घड्याळ नुसता पांढरा ठिपका होऊन बसलं.

“सिस्टर, मला काहीच दिसत नाहीये.”

“मला जरा जास्तच दिसतंय,” शेजारून एक शांत आवाज आला. “गरगरतंय. हा बहुतेक तुमचा असावा.”

चष्म्यांची अदलाबदल झाली. त्यात बोटांना बोटं लागली… त्याची गार होती, आणि थोडी खरखरीत.

“नंबर किती हो तुमचा?”

“सव्वाआठ. दोन्हीकडे.”

“बाप रे. आणि मी साडेपाचाचा तोरा मिरवत होतो इतकी वर्षं.”

ती हसली. हसत हसत काचा पुसून चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत त्याला आत बोलावलंही होतं. तिला दिसली ती फक्त पाठ – रुंद खांदे, निळा शर्ट, आणि अंदाजानं दाराच्या चौकटीला लावलेला हात.

ती एका छोट्या कंपनीत शाळांची वेळापत्रकं बनवणारं सॉफ्टवेअर लिहायची. चष्मा तिसरीपासूनचा. मोठा भाऊ तिला ‘ढापणी’ म्हणायचा. आई गेल्यानंतर एक काम बाबांनी न बोलता स्वतःकडे घेतलं होतं – रोज सकाळी तिनं उशीजवळ चाचपडायच्या आत चष्मा तिच्या हातात ठेवायचा. लेझर करून चष्मा घालवायचं टुमणं त्यांनीच लावलं होतं. “मी काय जन्मभर चष्मा द्यायला पुरणार आहे का?” असं ते म्हणायचे, आणि तिला ते वाक्य अजिबात सहन व्हायचं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी ती टोपी-गाऊन घालून आतल्या बाकावर बसली. चष्मा बाबांकडे बाहेर. पुढ्यात नुसते रंग सांडलेले. “सिस्टर, अजून किती वेळ?” तिनं विचारलं.

“सव्वाआठ?” शेजारच्या हिरव्या आकृतीनं विचारलं.

“साडेपाच?”

“घाबरलात?”

“छे.” ती थोडी थांबली. “खूप.”

“मीही. पण मला पर्याय नाही. मी पोहायला शिकवतो. चष्मा काढून पाण्यात उतरलं की पलीकडच्या टोकाची मुलं म्हणजे नुसते ठिपके. म्हणून मी आपली उथळ बाजूची मुलं घेतो. खोल पाण्यातली घ्यायचा कधी धीरच झाला नाही.” मग आवाज जरा खाली आणून तो म्हणाला, “एक सांगू? आत गेल्यावर थोडा वेळ दिवा दिसेनासा होतो म्हणे. तेव्हा श्वास रोखू नका. मोजायला लागा. मी मुलांना हेच सांगतो – वीसपर्यंत मोज, त्याच्या आत तुला वर काढतो.”

आत डॉक्टरांनी सांगितलं, हिरव्या दिव्याकडे बघत राहा. डोळ्यावर काहीतरी गच्च बसलं, दिवा विझला, सगळा अंधार झाला. कुणीतरी तिचा हात धरला होता, बहुधा त्याच सिस्टरनं. ती मोजत राहिली. सतराला दिवा परत आला.

निघताना दोघांच्याही डोळ्यांवर काळे चष्मे. औषधांचं काय करायचं याचा एक-एक कागद दोघांच्या हातात. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मुंगीएवढ्या अक्षरातला कागद द्यायची कल्पना कुणाची असेल ती असो. काही अडलं तर विचारायला म्हणून त्यानं तिचा फोन नंबर मागितला, आणि दोघांनाही दिसत नसल्यामुळे तो त्याच्या आईनं लिहून घेतला. माऊली दोनदा म्हणाली, “परत एकदा सांग गं बाळ, चुकायला नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं डोळे उघडले तर छतावरच्या पंख्याची तीन पाती वेगवेगळी दिसत होती. त्यांवरची धूळसुद्धा. खोलीच्या दारात बाबा उभे होते, आणि सवयीनं त्यांच्या हातात चष्म्याचं रिकामं घर होतं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात.”

“कधीच्याच झाल्या. तुला आज दिसल्या.” ते खुर्चीवर बसले, आणि बराच वेळ त्या रिकाम्या घराचं झाकण उघडत-मिटत राहिले. रडायचं नाही अशी डॉक्टरांची सूचना होती. तिनं ती कशीबशी पाळली.

दुपारी फोन आला. “सव्वाआठ, गुलाबी टोपणाचं दिवसातून सहा वेळा की चार? आई कामावर गेलीय, कागद माझ्याकडे बघतोय आणि मी कागदाकडे.”

तिनं सांगितलं. तासाभरानं पुन्हा फोन. मग पुन्हा. चौथ्या फोननंतर तिला वाटलं, शाळांच्या आठवड्याला चाळीस तासिका बसवणाऱ्या बाईला तीन बाटल्या बसवता येऊ नयेत? डॉक्टरांनी पडद्यासमोर बसायची परवानगी दिल्यावर तिनं दोन दिवसांत एक वेब पान तयार केलं. अगदी साधं. वेळ झाली की फोन वाजायचा, सगळा पडदा बाटलीच्या टोपणाच्या रंगाचा व्हायचा, आणि खाली एकच मोठं बटण – ‘घातला’. ते त्यानं दाबलं की तिच्या फोनवर बरोबरची खूण उमटायची.

“पान छान आहे,” तो म्हणाला. “पण फार कडक आहे हो. ‘पांढरं टोपण. एक थेंब.’ माझी शिट्टीसुद्धा याहून प्रेमळ वाजते.”

“प्रेमळ हवंय?”

“थोडं चालेल.”

म्हणून तिनं प्रत्येक थेंबाला एक वाक्य जोडायला सुरुवात केली. ‘पांढरं टोपण. वर बघा, घाबरू नका.’ मग, ‘गुलाबी. आज ऊन फार आहे, काळा चष्मा लावलात ना?’ मग, ‘पांढरं. आज तुमचा आवाज ऐकला नाही. दिवस अळणी गेला.’ ती रोज सकाळी बसून त्या दिवसाची वाक्यं लिहायची, आणि दिवसभर ऑफिसात खुणा उमटताना बघायची. शेजारची मैत्रीण म्हणायची, “कुणाच्या डोळ्यांत औषध पडलं की तू का लाजतेस?”

एक दिवस तीन तास खूण आली नाही. तिनं फोन लावला.

“विसरलो,” तो म्हणाला. “तलावावर आलोय. पाण्यात नाही, काठावरच बसलोय. सव्वाआठ, पलीकडच्या टोकाला एक मुलगी हसत होती. तिचा पुढचा दात पडलाय. मला इथून दिसला… तिचा पडलेला दात दिसला मला.”

तिनं फोन कानाशी दाबून धरला.

“रडलो थोडा. थेंब धुऊन गेला असेल. परत घालू का?”

“घाला,” ती म्हणाली, आणि तिनंही एक घातला. तिचाही धुऊन गेला होता.

महिना असा सरला. चेहरे मात्र एकमेकांनी पाहिलेले नव्हते. त्याच्या फोटोच्या जागी तलाव होता, तिच्या जागी झाड. फोटो मागायचा धीर कुणीच केला नाही. शेवटच्या तपासणीची तारीख दोघांची एकच होती, आणि तीच औषधाची शेवटची तारीख. त्या शेवटच्या थेंबासाठी तिनं चार दिवस आधीच एक वाक्य लिहून ठेवलं होतं. त्या सकाळी तिनं ते पुन्हा वाचलं. त्याला नुसती मैत्रीच हवी असली तर? या खुणाही बंद होतील, फोनही. तिनं वाक्य खोडलं आणि लिहिलं, ‘औषधं संपली. धन्यवाद.’

त्याच सकाळी आणखी एक काम होतं. ज्यांनी तिला पंख्याची तीन पाती आणि बाबांच्या भुवया दिल्या, त्या दवाखान्याचे उपकार कसे फेडायचे हे तिला कळत नव्हतं. म्हणून ते पान तिनं तिथल्या सगळ्या रुग्णांसाठी खुलं करायचं ठरवलं होतं. औषधं समजावून सांगणाऱ्या ताई आजपासून ते सगळ्यांना दाखवणार होत्या. ऑफिसातून निघण्याआधी घाईघाईत तिनं ते दवाखान्यासाठी इंटरनेटवर चढवलं, आणि निघाली.

दवाखान्याच्या दारातच तिला ताईंचा खणखणीत आवाज ऐकू आला. आत पाच जण ओळीत डोळे मिटून बसले होते. त्यांना दिसत नाही म्हणून ताई फोन हातात धरून मोठ्यानं वाचून दाखवत होत्या.

“हे बघा, म्हणजे ऐका. टोपणाचा रंग येतो, आणि खाली सूचना. इथं एक ‘पुढचा दिवस’ बटण पण आहे. ‘पांढरं. आज तुमचा आवाज ऐकला नाही. दिवस अळणी गेला.’ अगं बाई. किती आपुलकीनं लिहिलंय.”

ती दारातच थांबली. ते बटण तिनं स्वतःच्या तपासणीसाठी ठेवलं होतं. घाईत तिनं कोरं पान चढवायचं सोडून आपलं जुनं, आज सकाळच्या बदलाआधीचं पान चढवलं होतं, एकूण एक वाक्यांसकट.

“शेवटच्या दिवशी काय येतं बघू,” ताई म्हणाल्या. “‘हा शेवटचा थेंब. उद्यापासून तुमची आठवण काढायला औषधाचं निमित्त उरणार नाही. तरी मी काढणार आहे. साडेपाच, तुम्ही मला आवडता.’” ताई थांबल्या. “हे कुठलं औषध?”

“कुठलंही असो,” ओळीतले एक आजोबा म्हणाले, “मला लिहून द्या.”

“ताई,” टोकाच्या खुर्चीतून तो ओळखीचा आवाज आला, “माझ्या पानावर हे नव्हतं हो. मला सकाळी ‘औषधं संपली, धन्यवाद’ एवढंच आलं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.”

तिनं त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच, आणि स्वच्छ. भुवईवर जुनी खोक. मिटलेल्या पापण्या. कान लालबुंद झालेले.

पाचही जणांचे डोळे बंद होते, ताईंची नजर फोनमध्ये. आल्या पावली परत गेली असती तर कुणाला कळलंही नसतं. एक क्षण तिला तसंच करावंसं वाटलं. पण ज्या डोळ्यांसाठी इतक्या जणांनी इतकं केलं, ते घेऊन पळून जाणं तिला बरं दिसेना. ती चालत गेली आणि त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

“सकाळी मी बदललं ते,” ती हळूच म्हणाली. “धीर झाला नाही.”

त्याचे खांदे ताठ झाले. “सव्वाआठ?”

“आता शून्य.”

“मीही.” तो हसला. “डोळे उघडू?”

“मुळीच नाही,” पलीकडून सिस्टर म्हणाली. “अजून बारा मिनिटं.”

“तुम्हाला मी दिसतोय?” त्यानं विचारलं.

“भुवईवर खोक आहे.”

“लहानपणी उडी चुकली होती. आणखी?”

“कान लाल झालेत.”

“ते आत्ता झाले.” मग त्यानं हात दोघांच्या मधल्या लाकडी पट्टीवर ठेवला, तळवा वर करून. “उद्यापासून मी खोल बाजूची मुलं घेतोय. हे तुम्हाला सगळ्यात आधी सांगायचं होतं. आणि हेही, की सकाळच्या त्या ‘धन्यवाद’नं मला बुडवलं होतं.”

तिनं आपला हात त्या तळव्यावर ठेवला. अजून तसाच गार होता, तसाच खरखरीत.

“मग मोजा,” ती म्हणाली. “वीसपर्यंत. मी काढते वर.”

“एक,” तो म्हणाला. “दोन. तीन.” चारला आजोबांनी आवाज मिळवला. सातपर्यंत अख्खी ओळ डोळे मिटून मोजत होती, आणि ताई फोन छातीशी धरून उभ्या होत्या. सतराला तिनं त्याचा हात घट्ट दाबला.

विसाला त्यानं डोळे उघडले. औषधानं मोठ्या झालेल्या काळ्याभोर बाहुल्या, आणि तिला शोधणारी नजर.

“दिसतंय का काही?”

“जवळचं सगळं धूसर,” तो म्हणाला. “संध्याकाळपर्यंत असंच राहणार म्हणे. थांबशील तोवर?”

“थांबते,” ती म्हणाली.

सिस्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. दहा मिनिटं बाकी होती. पण ती काही बोलली नाही.