सव्वातीनचा ब्रेक

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटत असेल तर माझ्या मामाच्या उजव्या हाताची दोन बोटं बघा. चट्टे अजून गेलेले नाहीत.

मंगळवार होता. भर दुपार. मामाचं गॅरेज, शटर अर्धं उघडं.

मामा म्हणजे जुन्या मोटरसायकलींचा वेडा. गिऱ्हाइकापेक्षा गाडीशी जास्त बोलणारा. आजोबांची चाळीस वर्षांची गाडी त्याने लेकीसाठी नव्याने घडवली होती. पण तिचा ब्रेक नुसता नावाला. दाबा आणि वाट बघत बसा!

"पोरीच्या हातात द्यायची तर ब्रेक धड हवा," म्हणत त्याने पुढचे फोर्क, म्हणजे चाक धरणारे दोन दांडे, उतरवले. भंगारवाल्याकडून एका नव्या गाडीचे फोर्क आणले. चाक, डिस्क ब्रेक, लिव्हर, सगळ्यासकट. त्या गाडीचा अपघात झाला होता. मामाने दांडे काचेवर लोळवून पाहिले. केसाचाही बाक नव्हता. ते जुन्या गाडीत बसवता बसवता आठवडा गेला.

शेवटी एका दांड्यावर त्याने केबल टाय, म्हणजे प्लास्टिकची बारीक पट्टी, बांधला. फोर्क दबला की टाय खाली ढकलला जातो आणि तिथेच राहतो. किती दबला ते कळतं.

लेक गाडीवर बसली. टाय तीन बोटं खाली आला.

"झकास," मामा म्हणाला. टाय वर सरकवला आणि दोघं जेवायला गेली.

परत येऊन बघतात तर...

टाय पार तळाला.

गाडी स्टँडवर. आत चिटपाखरू नाही. आणि फोर्क इतका दबतो तो एकाच वेळी... भरधाव गाडीचा पुढचा ब्रेक कोणी जीव खाऊन दाबला तर.

"माझाच हात लागला असेल," मामाने स्वतःची समजूत घातली.

बुधवारी टाय पुन्हा वर सरकवून तो तिथेच ठाण मांडून बसला.

सव्वातीन वाजले.

ब्रेकचा लिव्हर हलला... आपोआप.

रबर जळल्याचा वास आला.

मग... ठक्!

टाय तळाला.

मामाने डिस्कला बोटं लावली आणि किंचाळलाच. उभ्या गाडीची डिस्क तव्यासारखी तापली होती.

लेकीला तो काही बोलला नाही. ती हसली असती. ही त्याची चूक.

गुरुवारी दुपारी त्याने भंगारवाल्याला गाठलं. "अपघात कसा झाला होता रे?"

"मला काय माहीत, मिस्त्री? चालवणारा जागच्या जागी गेला, एवढं ऐकलं."

मामा परतला तर गाडी जागेवर नाही. शेजारचा टायरवाला म्हणाला, "ताई चक्कर मारायला गेल्या ना."

घड्याळात तीन वाजून वीस मिनिटं.

मामा धावत सुटला. चौकाच्या अलीकडे गाडी आडवी पडली होती. लेक कडेला बसलेली, कोपर सोललेलं. मामाचा जीव भांड्यात पडला.

"अगं, एवढा ब्रेक कशाला दाबलास?"

"मी नाही दाबला, बाबा. माझ्या हातावर कुणाचा तरी हात आला... घामाने ओला."

"समोर काय होतं?"

"काहीच नाही. रस्ता मोकळा होता." तिने मागे वळून पाहिलं. "पण कानाशी कुणीतरी ओरडलं... 'बाळा, बाजूला हो!'"

त्याच संध्याकाळी फोर्क उतरले. आता गाडीला जुनाच ब्रेक आहे आणि लेक ती जपून चालवते. नवे फोर्क पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडलेत. विकवत नाहीत, टाकवतही नाहीत. रोज सव्वातीनला वरून ठक् असा आवाज येतो.

अपघाताच्या दिवशी त्या चालवणाऱ्यासमोर आलेलं पोर वाचलं का, हे मामाने खूप ठिकाणी विचारलं. कुणालाच सांगता येईना.

"माळ्यावर जावं आणि त्याला सांगावं, बाबा रे, पोर वाचलं," मामा परवा मला म्हणाला. "बिचारा सुटेल तरी. पण मलाच माहीत नाही... खोटं कसं सांगू?"