इवान्थियाचं आमंत्रण

डोळे मिटा पाहू जरा. सप्टेंबरची दुपार आहे. उन्हाळ्याचे पाहुणे परत गेलेत, आणि आमच्या बंदरावरच्या त्या महागड्या हॉटेलच्या गच्चीत वाळत घातलेला पांढराशुभ्र टेबलक्लॉथ वाऱ्यानं उडालाय. दिसतोय? उडत उडत तो खाली गेला... आणि नुकत्याच निळ्या रंगानं रंगवलेल्या होडीवर जाऊन पसरला.

तो परत घेऊन आला लेफ्तेरिस, हॉटेलच्या होड्या दुरुस्त करणारा. दारात इवान्थिया उभी होती. तिथलं गोडधोड सगळं तीच करी.

"तुमच्या होडीनं आमचं कापड बिघडवलं," ती म्हणाली.

"तुमच्या कापडानं माझी होडी पुसली," तो म्हणाला. "मी कुणाकडे दाद मागू?"

तिला हसू आवरलं नाही. मग रोज काही ना काही निमित्त निघू लागलं. कधी त्याला पाणी हवं असे, कधी तिच्या खिडकीची बिजागरी कुरकुरे — ती कुरकुर फक्त त्यालाच ऐकू यायची. ती बशीतून पाकातलं अंजीर द्यायची. आणखी एक खाल्ल्याशिवाय मत देता येणार नाही, असं तो चमचा चाटत सांगायचा.

अकरा तारखेला तिच्या नावाचा दिवस आला — तिच्या नावाच्या संताचा सण, आम्हा ग्रीकांना वाढदिवसाइतकाच मोठा. आमच्याकडे या दिवशी कुणी कुणाला बोलावत नाही. दार उघडं ठेवायचं. ज्याला तुमची आठवण, तो येतो. अख्खा गाव आला — बेकरीवाला, शाळेच्या बाई, एकमेकींशी न बोलणाऱ्या दोघी शेजारणीसुद्धा. लेफ्तेरिस तेवढा आला नाही. आणि काम संपल्यामुळे संध्याकाळच्या बोटीनं तो कायमचा जाणार होता.

"नाही आठवण, तर नाही," बशा विसळताना ती पुटपुटली. बशा जरा जास्तच वाजत होत्या.

तिची सात वर्षांची भाची मिर्तो पाकाची बोटं चाटत होती. "मावशी, तो धक्क्यावर बसलाय. नवा शर्ट घालून. तू काही निरोप दिलास का, म्हणून तीनदा विचारलं मला."

इवान्थियाच्या हातातली बशी थांबली. लेफ्तेरिस वाढला मेलबर्नला, त्याच्या आईच्या गावी. न बोलावता कुणाकडे जाणं तिकडे आगाऊपणाचं समजतात, असं तोच एकदा सांगत होता.

ती एप्रनसकट धावत सुटली. मिर्तो मागोमाग, हातात अंजिराची बशी सांभाळत.

बोटीचा भोंगा वाजला. लेफ्तेरिस बॅगेशेजारी उभा होता.

"नावाच्या दिवसाचं आमंत्रण या बेटावर आजवर कुणी दिलेलं नाही," ती धापा टाकत म्हणाली. "लोक मला हसतील. तरी... ये. माझ्या घरी ये."

"किती वेळ थांबू?"

"तू ठरव... माझ्या घरात बिजागऱ्या पुष्कळ आहेत."

तो नुसता तिच्याकडे बघत राहिला, आणि ती त्याच्याकडे. यायचंय की नाही, असं बोटीवरून कुणीतरी विचारलं. तेही दोघांना ऐकू गेलं नाही.

मिर्तोनं थोडा वेळ वाट पाहिली. मग बशी त्याच्या हातात दिली, बॅगेची मूठ दोन्ही हातांनी धरली आणि ती बॅग ओढत निघाली — बोटीकडे नाही, चढावरच्या वाटेनं, घराकडे.