उत्तरदाता क्रमांक एक

आमच्या धंद्यात पुस्तकं वाचत नाहीत. मी रामहरी कोकरे, विद्यापीठाच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं तालिका सांभाळतोय; हजारो पुस्तकं हाताखालून गेली, वाचली असतील फार तर दहा. लेखकाचं नाव, विषय, वर्ष, उंची किती सेंटिमीटर, झालं, आण पुढचं. हलवाई काय दिवसभर पेढे खात बसतो?

यंदा मार्चात नवी संगणकप्रणाली आली आणि आमच्या प्रमुख मेघा मॅडमनी फर्मान काढलं : दुबार नोंदी शुक्रवारपर्यंत काढून टाका. एका माणसाची एकच नोंद. मॅडम माझ्याहून वीस वर्षांनी लहान, पण बोलणं बरोबर होतं. नियम माझाच, मीच त्यांना शिकवलेला.

सोमवारी दुपारी दुबारांच्या यादीत माझ्या बायकोचं नाव आलं.

ज्ञानेश्वरी रामहरी कोकरे, १९७२–२०१७. ही नोंद माझ्या हातची. पैठणच्या विणकर बायकांवर तिनं प्रबंध लिहिला होता, सहा वर्षं एसटीनं जा-ये करून. बांधलेली प्रत ग्रंथालयात आली त्या दिवशी तिनं घरी विचारलं, "वाचला का?" मी म्हणालो, "नोंद केली की." तिनं पुन्हा कधी विचारलं नाही. ती गेली तेव्हा तिच्या नावापुढं शेवटचं वर्षही मीच टाकलं. लेखक गेला की ते टाकावं लागतं.

त्या नोंदीखाली दुसरी होती. तेच नाव, तेच जन्मवर्ष. पुढची जागा मोकळी, जिवंत माणसाची असते तशी. शीर्षक : बजाजनगरातील एकट्या पुरुषाची दिनचर्या, एक निरीक्षण. हस्तलिखित. पाने ९६.

मी बजाजनगरात राहतो. एकटाच.

आधी राग आला. कोण हरामखोर चेष्टा करतोय? नोंद कुणी केली ते बघितलं, तर ती चौकट कोरी. प्रबंधांच्या सगळ्या मांडण्या पालथ्या घातल्या, धुळीनं नाक भरलं, पण असली प्रत कुठंच नव्हती.

मंगळवारी पानं ९९ झाली होती आणि खाली गोषवारा आला होता : 'उत्तरदाता क्रमांक एक सकाळी दोन कप चहा करतो. एक पितो, एक मोरीत ओततो.'

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे का ते? प्रबंधासाठी ज्याची माहिती घेतात तो उत्तरदाता, आणि इथं तो मीच होतो.

बुधवारी १०३. 'सिटी बसमधून उतरल्यावर उत्तरदाता मुद्दाम लांबच्या रस्त्याने घरी जातो.'

भ्यायला पाहिजे होतं मी. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. आठ वर्षांत मी काय खातो, कधी निजतो, याची कुणी दखल घेतली नव्हती. त्या संध्याकाळी मी जवळच्या रस्त्यानं घरी गेलो, खोली झाडली, धुतलेला सदरा घातला आणि भिंतीला टेकून बसून राहिलो. येड्यागत.

गुरुवारी मॅडम माझ्या टेबलाशी आल्या. "सर, एकच दुबार राहिलीय. घरचीच दिसतेय."

"ती राहू द्या, मॅडम."

"प्रत आहे का? प्रत हातात नसताना नोंद ठेवायची नाही, तुम्हीच सांगता ना?" मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "वहिनींचं नाव कुठं जातंय, सर. जुनी नोंद आहेच की."

"जुनीत ती मेलेली आहे," मी म्हणालो.

मॅडमनी माझ्याकडं बघायचं टाळलं. खिडकीबाहेर लेण्यांचा डोंगर उन्हात करपत होता. "उद्या पाचपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "त्यानंतर मला काढावीच लागेल."

शुक्रवारी पुन्हा सगळं शोधलं. साडेतीन वाजले. पडद्यावर पानं ११०. आता ही नोंद पुसायची, म्हणजे बाईला दुसऱ्यांदा पोचवून यायचं, तेही माझ्याच हातानं. हात उचलेना. रडू फुटलं आणि त्याची लाजही वाटली नाही.

तेवढ्यात आशाबाई आल्या. परत आलेली पुस्तकं गोळा करायचं काम त्यांचं. "सर, परतीच्या पेटीत हे घावलं. शिक्का नाय, नंबर नाय. तुमचं हाय का?"

लांबट हिरवी वही होती, दोऱ्यानं शिवलेली. उघडली तसा, ती कपाळाला चोळायची त्या निलगिरीच्या तेलाचा वास आला. पहिल्या पानावर शीर्षक, खाली तिचं नाव. अक्षर तिचंच, घाईघाईत उजवीकडं कललेलं.

"आशाबाई, पळा! मॅडमना सांगा, प्रत मिळाली!"

"व्हय व्हय, सांगते. पण तुम्ही आधी डोळे पुसा बरं."

त्या गेल्या. दालनात मी एकटा. डोक्यावरचा पंखा कुरकुरत होता. वाचली, म्हटलं, बाई वाचली. दाखल क्रमांक दिला. पट्टी लावली, उंची चौतीस सेंटिमीटर. पडद्यावरच्या एकशे दहावर कसा विश्वास ठेवायचा, प्रत बघून टाकलेला आकडाच खरा. म्हणून सवयीनं वही उलटी केली आणि मागून उघडली.

शेवटच्या पानाला आकडा नव्हता.

एवढंच लिहिलं होतं : 'प्रत हाती आल्यावर उत्तरदात्याने उंची मोजली. वाचायला घेतली नाही. निरीक्षण येथे थांबवत आहे.'

मी घाईनं पहिल्या पानाकडं वळलो. बोटाला शाई लागली, ओली.

"ज्ञानेश्वरी," मी म्हणालो, "थांब. वाचतो ना मी."

पंखा कुरकुरत राहिला.

मान वर केली. पडद्यावर तिच्या नावापुढची मोकळी जागा भरली होती. वर्ष यंदाचं होतं. मी टाकलेलं नव्हतं.