टेबल आत, सुतार बाहेर

कँटीनमधलं सात नंबरचं टेबल डुगडुगायला लागलं आणि प्रियदर्शनीच्या आयुष्यात उत्तरेश्वर आला. आला म्हणजे, गेटपर्यंत.

"आत सोडता येणार नाही मॅडम," सिक्युरिटीचे हिंदुराव म्हणाले. "सुतार शिक्षा भोगून आलेला आहे."

"अहो, हे टेबल त्यांनीच केलंय. तुरुंगात! कँटीनमध्ये एवढी मोठी पाटी लावलीय ना आपण, 'बंदिवानांना दुसरी संधी' म्हणून?"

"पाटी आत आहे मॅडम. हे बाहेर आहेत."

खराडीतल्या त्या सॉफ्टवेअर कंपनीनं तुरुंगातून चाळीस टेबलं घेतली होती आणि त्यांचे फोटो चकचकीत अहवालात छापले होते. टेबलांकडे चारित्र्याचा दाखला कोणी मागितला नव्हता.

इमारतीची देखभाल प्रियदर्शनीकडे होती आणि राग तिच्या नाकावर. तिनं टेबल ट्रॉलीवर घातलं, गेटपास केला आणि ते बाहेर आणलं. उत्तरेश्वरनं एक डोळा मिटून पाय पाहिले.

"टेबल सरळ आहे. तुमची फरशी वाकडी आहे."

"फरशीच नाही, सगळी कंपनीच वाकडी आहे."

तो हसला. वाकड्या फरशीसाठी त्यानं एक पाय रंध्यानं तासला. लाकडाची एक कुरळी साल उडून तिच्या ओढणीवर बसली. तिनं ती झटकली नाही.

मग दर आठवड्याला एक टेबल बिघडू लागलं. पाचव्या टेबलाला उत्तरेश्वर खाली वाकला आणि बराच वेळ वाकूनच राहिला.

"मॅडम... हा स्क्रू आपोआप सैल झालेला नाही. नाण्यानं फिरवलाय."

"मग?"

"मग काही नाही. पुढच्या वेळी पेचकस वापरा. खाच खराब होते."

ती कानापर्यंत लाल झाली. विषय बदलायला म्हणून तिनं विचारलं, "तुम्ही... काय केलं होतं?"

"हॉटेलात भांडण. खुर्ची उचलून समोरच्या माणसाचा, पोपटरावांचा हात मोडला. चार वर्षं." त्यानं रंधा खाली ठेवला. "तुरुंगात एक समुपदेशक ताई पोपटरावांना बाहेरून बोलावून आम्हाला समोरासमोर बसवायच्या. पहिल्यांदा पोपटराव बोललेच नाहीत. दुसऱ्यांदा तासभर शिव्या दिल्या. मी ऐकल्या. पाचव्यांदा त्यांनीच विचारलं, सुटल्यावर करणार काय? आता विश्रांतवाडीत दोघांचं दुकान आहे. त्यांचा हात अजून नीट वळत नाही. म्हणून फळीचं दुसरं टोक मी धरतो."

"ज्याचा हात मोडला त्यानं माफ केलं! आणि आमच्या कंपनीचं काय मोडलं होतंस रे तू?"

रागात 'तू' निघून गेलं. ते परत घ्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

कंपनीत सुताराची कायम जागा निघाली तेव्हा तिनंच त्याचा अर्ज पुढे केला. मुलाखतीच्या दिवशी तो इस्त्रीचा शर्ट घालून तीन तास गेटवर बसला. वर ऑफिसात तिचे वरिष्ठ तेजस सर तिला समजावत होते.

"वार्षिक कार्यक्रमात त्याला शाल देऊ ना आपण. स्टेजवर! नोकरी मात्र पॉलिसीत बसत नाही. तू लिही, 'उमेदवार मुलाखतीला आला नाही.'"

प्रियदर्शनीनं लिहिलं, 'उमेदवार तीन तास गेटवर होता. आपण गेलो नाही.' खाली सही केली. मग कँटीनमध्ये जाऊन खुर्चीवर चढली, पाटी उतरवली आणि ट्रॉलीवर घातली.

हिंदुरावांनी गेटपास वाचला. "वस्तू, पाटी एक. परत कधी आणणार मॅडम?"

"खरी झाल्यावर."

हिंदुरावांनी वही मिटली आणि पहिल्यांदाच गेट पूर्ण उघडलं.

उत्तरेश्वर उठून उभा राहिला. "नाही झालं ना?"

"नाही. उद्या बहुतेक मलाही इथेच अडवतील." तिचे डोळे भरून आले होते, रागानंच. "इतकं खोटं... इतकं गोड बोलून..."

त्यानं खिशातून काहीतरी काढलं. छोटा पेचकस होता, मूठ सागवानी, तिच्या तळहाताच्या मापाची. घासून घासून गुळगुळीत केलेली.

"नोकरी लागली असती तर देणार होतो."

"आणि नाही लागली तर?"

"तर... तरीही द्यायचाच होता."

तिनं मूठ घट्ट धरली. "आता सैल करायला टेबलंच नाहीत माझ्याकडे."

"दुकानात ये. पोपटराव म्हणतात, दुसरं टोक धरायला आणखी एक माणूस हवंय."

"पोपटराव म्हणतात?"

उत्तरेश्वर ट्रॉलीवरच्या पाटीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"मी म्हणतो."