उजव्या हाताचं कुंपण

आर्डिसने शेजारच्या शेतातल्या लेलँड व्हॉसला पहिल्यांदा पाहिलं, ते एका कालवडीच्या शेपटीला लोंबकळताना. कालवड आर्डिसच्या क्लोव्हरच्या हिरव्या चाऱ्यातून पुढे धावत होती. मागे शेपूट, आणि शेपटीमागे लेलँड.

"तुझी आहे का ही?"

"मी तसं म्हणतो," तो धापा टाकत म्हणाला. "तिचं मत वेगळं आहे."

मावशी वारली आणि आयोवातलं हे शेत आर्डिसच्या नावावर आलं. ते विकून डे मॉइन शहरातल्या आपल्या शाळेत परत शिकवायला जायचं, एवढंच तिच्या मनात होतं. गिऱ्हाईकही तयार होतं. त्याची अट एकच: शेजाऱ्याशी बांधाचा वाद नको. कुंपण कुणी घालायचं ते आधी ठरू दे.

ते ठरेपर्यंत कालवडी येत राहिल्या. दर वेळी त्यांच्यामागे लेलँड, आणि दर वेळी, का कोण जाणे, गुळगुळीत दाढी केलेला.

"माझंच क्लोव्हर का आवडतं रे तुझ्या कालवडींना?"

"क्लोव्हर..." तो हातातली टोपी फिरवत राहिला. "हो, क्लोव्हरही चांगलं आहे."

त्या 'ही'वर विचार करायचा नाही असं ठरवून आर्डिसने टाउनशिपच्या विश्वस्तांना बोलावणं धाडलं.

टाउनशिप म्हणजे सहा मैल लांब, सहा मैल रुंद चौकोन. पणजोबांच्या काळात मोजणीदारांनी तो साखळीने आखला. पृथ्वी गोल असल्याची आठवण त्यांना मधेच होई, म्हणून इथले सरळसोट रस्ते अधूनमधून उगाच वाकतात. इतिहास एवढाच. कारभाराला निवडून आलेले तीन विश्वस्त. दफनभूमीत मेलेल्यांवरचं गवत आणि शेतात जिवंतांमधली कुंपणं, ही त्यांची सत्ता.

जूनमधल्या भुरभुर पावसाच्या एका सकाळी तिघांपैकी दोघे आले. एमिल टेश, जो बोलत असे. आणि हार्लन, जो टेपचं दुसरं टोक धरत असे.

"रिवाज सोपा आहे," एमिल म्हणाला. "बांधाच्या मधोमध, आपापल्या जमिनीत, समोरासमोर उभं राहायचं. ज्याच्या उजव्या हाताला जो अर्धा बांध, त्याचं कुंपण त्याने घालायचं. आता हलू नका."

मग मध्य नेमका कुठे, यावर वाद घालायला तो हार्लनला टेपसकट बांधाच्या टोकाला घेऊन गेला. वाद म्हणजे, हार्लन ऐकत होता.

इकडे दोघं समोरासमोर. ओल्या क्लोव्हरचा गोडसर वास. लेलँडने आधी ढगांकडे पाहिलं, मग बुटांकडे. मग पाहायला दुसरं काही उरलं नाही.

"इतक्या जवळून बघायला सरकारी माणसं लागली," तो म्हणाला.

"बघ मग. सरकारी काम आहे."

"तुझ्या डाव्या भुवईवर थेंब आहे."

"माझ्या डाव्या की तुझ्या डाव्या? इथे त्याला महत्त्व आहे."

तो हसला. हसू हळूहळू ओसरलं.

"हे ठरलं की तू जाणार."

"गिऱ्हाईक शुक्रवारी येतंय."

"हं..." त्याने टोपी काढून पाणी झटकलं. "आर्डिस, गोठ्याचं फाटक मीच उघडं टाकत होतो. पहिली वेळ सोडून. पहिल्या वेळी ती स्वतःच्या बुद्धीने आली."

"माहीत आहे. कालवडींना कडी काढता येत नाही," आर्डिस म्हणाली. "आणि त्या हाकलायला मला कधीच घाई नसायची, हे तुझ्या लक्षात आलं का?"

"नाही. मी कालवडींकडे बघत होतो—" त्याचे कान लाल झाले. "खोटं बोललो."

"मग खरं बोल की. जे सांगायला एवढी जनावरं लागली, ते."

"जाऊ नकोस. मला... तू आवडतेस." आणि हिशेब स्पष्ट असावा म्हणून तो पुढे म्हणाला, "क्लोव्हरपेक्षा."

"सापडला मध्य!" एमिल ओरडत आला. "चला, उजवे हात पसरा."

आर्डिसने हात पसरला नाही. तिने बांध ओलांडला, आणि लेलँडच्या शेजारी, तो ज्या दिशेला तोंड करून उभा होता त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली.

"अगं, अशी नाही!" एमिल हादरला. "असं उभं राहिलं की दोघांच्या उजव्या हाताला एकच अर्धं येतं! उरलेलं अर्धं घालणार कोण?"

"कुणीच नाही."

"आणि गिऱ्हाईकाला काय सांगणार?"

"वाद मिटत नाही म्हणून सांगेन," आर्डिस म्हणाली, आणि लेलँडचा ओला हात हातात घेतला. "बरीच वर्षं मिटेलसं दिसत नाही."

एमिलने तोंड उघडलं. पण हार्लनने, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला न विचारता, टेप गुंडाळायला सुरुवात केली होती.