चवीपुरतं

घ्राणशाळेच्या चाचणीखोलीत कसलाच वास नव्हता. हवा तीनदा गाळून आत सोडलेली, फरशी नुसत्या पाण्याने पुसलेली, आणि आत येणाऱ्याला आदल्या दिवसापासून तेल, पावडर, अत्तर सगळं बंद. मृदुला झांबरेला तिथे बसल्याबसल्या कोंडल्यासारखं झालं. एकसष्ट वर्षं जळगावात फोडणीच्या ठसक्यात काढलेली बाई ती. समोरच्या घ्राणमापकातून एकेक नळी पुढे येई, ती हुंगून तिने फक्त ‘आला’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. अशा साठ नळ्या होत्या आणि प्रत्येक नळीतला वास आधीच्यापेक्षा पुसट होता.

तिला इथे आणलं होतं तिच्याच वाचकांनी. ‘पहिला घास’ हा तिचा ब्लॉग बावीस वर्षं चालू होता. घरोघरी पाकयंत्रं आली तेव्हा स्वयंपाकाचे बाकीचे ब्लॉग धडाधड बंद पडले, कारण त्यांच्या पाककृतींत शेवटी ‘मीठ चवीपुरतं’ असे आणि यंत्र नेमकं तिथेच अडून बसे. मृदुलाने मात्र कंबर कसली. तिच्या नियमांच्या पानावर पहिलंच वाक्य होतं, इथे ‘चवीपुरतं’ हा शब्द मिळणार नाही. हिंग किती, तर तीन दशांश ग्रॅम, आणि ते तीन दशांश ठरेपर्यंत पदार्थ सहासहा वेळा केलेला असे. प्रश्न कोणी कितीही खुळचट विचारो, दोन दिवसांत ती स्वतः उत्तर देई. वाचकाचं पत्र उत्तर देण्याखेरीज कशासाठीही वापरणार नाही, असंही तिथे लिहिलं होतं. वाचकांच्या सांगण्यावरून प्रमाण बदलणार नाही, असंही लिहिलं होतं, आणि या नियमाचा तिला जरा जास्तच अभिमान होता. नाकावर माशी बसू द्यायची नाही हा तिचा मूळ स्वभाव.

गेली पाच-सहा वर्षं तक्रारी येत होत्या. ताई, लसूण अंमळ जास्त पडतो का? ताई, हिंगाचा भपकारा येतो हो. तिचं उत्तर ठरलेलं असे, ‘प्रमाण तपासलेलं आहे. आपण मोजायला चुकत असाल.’ मग नाशिकहून एका वाचक बाईचं पत्र आलं आणि ती बाई मोजायला चुकणाऱ्यांतली नव्हती. डॉ. रेहाना तांबोळी, घ्राणवैज्ञानिक. त्यांनी मृदुलाच्या बावीस वर्षांच्या पाककृतींचा आलेख काढला होता.

तो आलेख त्यांनी चाचणीआधी तिच्यापुढे ठेवला.

“जिभेला चार-पाच चवी कळतात,” त्या म्हणाल्या. “तिखटाची आग वेगळी. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं नाकाचं काम. तुमचं मीठ बावीस वर्षं जागच्या जागी आहे. तिखटही. पण हिंग, लसूण, धणे, जिरं, ही मंडळी गेल्या सहा वर्षांत दर वर्षी थोडी थोडी वाढलीत. म्हणजे जीभ शाबूत आहे आणि नाक उतरतंय.”

“वयाने उतरतं की.”

“वयाने इतक्या सरळ रेषेत नाही उतरत. हिला आम्ही गंधरेषा म्हणतो. स्मृतिक्षयात मेंदूचा बिघाड आधी नाकामागच्या घ्राणकंदात सुरू होतो. आठवण जाते नंतर, वास जातो सात-आठ वर्षं आधी. आणि ज्याचा जातो त्याला पत्ताच नसतो. त्याला वाटतं, हल्ली बाजारात हिंगच चांगला मिळत नाही.”

“औषध असेल ना?”

“आहे. वास उतरायला लागल्यापासून तीन वर्षांच्या आत सुरू केलं तर रोग तिथेच थांबतो. त्यानंतर त्याचा काही उपयोग होत नाही.”

सहातून तीन वजा करायला यंत्र लागत नव्हतं. मृदुला उठली, बिनवासाच्या साबणाने हात धुतले आणि चाचणीला जाऊन बसली.

साठाव्या नळीलाही ती ‘आला’ म्हणाली. डॉक्टरांनी चाचणी पुन्हा घेतली. आकडे तेच आले. चाळिशीतल्या बाईचं असावं तसं नाक होतं तिचं. मृदुलाचा जीव भांड्यात पडला. “नाक मुठीत धरून आले होते हो,” ती म्हणाली आणि आपल्याच विनोदावर खळखळून हसली.

डॉक्टर हसल्या नाहीत. त्या अजून आलेखाकडेच बघत होत्या.

“मग ही रेषा कोणाची आहे?” त्यांनी विचारलं. “प्रमाण ठरवतं कोण?”

“मीच. म्हणजे करते मी. पण रांधणाऱ्याने चव ठरवायची नसते, डॉक्टर, ते मी नवीन मुलींना नेहमी सांगते. चुलीपाशी तासभर उभं राहिलं की नाक त्या वासाला सरावतं, त्याला काही कळेनासं होतं. म्हणून पहिला घास बाहेरून येणाऱ्याला द्यायचा. आमच्याकडे मुकुंद शाळेत शिकवायचा तेव्हापासून तो बाहेरून आला की मी बशी पुढे करते. तो जमलं म्हणाला की जमलं, अजून थोडं म्हणाला की…”

ती थांबली. काचेपलीकडे, बाहेरच्या बाकावर तिचा नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता. त्याने मान वर करून हात हलवला. मृदुलालाही हात हलवावा लागला.

मुकुंदने भूगोल शिकवण्यात जन्म घालवला होता आणि चेष्टामस्करीवाचून त्याचा दिवस जात नसे. साठ नळ्यांपैकी नऊ नळ्यांचा वास त्याला आला. बाहेर येऊन तो म्हणाला, “डॉक्टर, तुमच्या बऱ्याचशा नळ्या रिकाम्याच आहेत. कंत्राटदार बदला.”

नाशिकहून परतताना तो गाडीत झोपला आणि मृदुला रस्ताभर जागी राहिली. तिला रोगाचं दुःख होतंच, पण त्याहून जिव्हारी लागली होती ती दुसरीच गोष्ट. पाच वर्षांपूर्वी, सगळं थोपवता आलं असतं तेव्हा, शेकडो माणसं तिला सांगत होती. ताई, काहीतरी वाढतंय. साध्या मराठीत, नम्रपणे सांगत होती. आणि तिने त्या प्रत्येकाला दोन दिवसांच्या आत, न चुकता, तू चुकतोस असं कळवलं होतं. इतक्या तत्परतेने नवऱ्याचं वाटोळं करणारी बायको दुसरी नसेल, असं तिच्या मनात येई.

घरी आल्यावर तिने एकच ठरवलं. त्या सहा वर्षांतल्या चारशे बारा पाककृती दुरुस्त करायच्या आणि प्रत्येक तक्रारीला माफीचं पत्र पाठवायचं. भरितापासून सुरुवात केली. सहा वर्षांपूर्वीच्या प्रमाणाने लसूण मोजत असताना डॉक्टरांचा फोन आला.

“काही बदललं नाहीत ना अजून?” त्यांनी घाईने विचारलं. “बदलू नका. हात जोडते.”

“चुकीचं आहे ते, डॉक्टर. लोक कटकट करत खातायत.”

“खाऊ द्या. जरा ऐका माझं. एखाद्या बाईला तीन वर्षं तुमच्या भरितात लसूण जास्त वाटतोय. पाककृती तीच, यंत्र तेच, ग्रॅम तेच. आणि एके दिवशी तिला ते बरोबर वाटायला लागलं. मग बदललं काय?”

मृदुला चमचा हातात धरून उभी राहिली.

“बाई बदलली,” ती हळू म्हणाली.

“तिचं नाक उतरायला लागलं. आणि ते नुकतंच लागलंय, कारण परवापर्यंत ती तक्रार करत होती. म्हणजे औषधाची वेळ टळलेली नाही. मृदुलाताई, धडधाकट माणूस कधी आपण होऊन नाक तपासायला येत नाही. पण रोज जेवतो आणि चवीबद्दल बोलल्याशिवाय राहत नाही. तुमच्या मुकुंदरावांनी ठरवलेली ही चारशे प्रमाणं म्हणजे चारशे मोजपट्ट्या आहेत. त्या हलवल्यात तर मोजायचं कशाने?”

“मग पानावर तसं लिहिते. कारण लिहिते.”

“कारण लिहिलंत की एकही माणूस खरं सांगणार नाही. जो तो घाबरून जास्तच झालंय म्हणेल. आणि ती पत्रं मला दाखवा असंही मी म्हणत नाही. तुमचा नियम मला पाठ आहे.”

मृदुलाने खूप विचार केला. पत्र फक्त उत्तरासाठी वापरायचं, हा तिचा शब्द होता. पण फोन करणं हेही उत्तरच की. तिने मोजलेला लसूण डब्यात परत ठेवला.

तेव्हापासून ‘पहिला घास’वर नवीन पाककृती आली नाही. जुन्या तशाच राहिल्या, चुकलेल्या. प्रश्न येत राहिले आणि मृदुला उत्तरं देत राहिली. ‘प्रमाण बदलता येणार नाही, क्षमस्व. आपल्याला जास्त वाटतंय हे कळवत राहा.’ लोक चिडत. म्हातारी हट्टाला पेटलीय, असं कोणीतरी चक्क लिहिलं. पण आता तक्रार आली की तिला बरं वाटे. त्या माणसाचं नाक ठिकाणावर आहे, त्याची आठवण शाबूत आहे, चालू दे त्याचं भांडण. कौतुकाचं पत्र आलं की मात्र ती लगेच त्या माणसाची जुनी पत्रं काढी. बहुतेकदा तो मुळातच झणझणीत खाणारा निघे. दोन वर्षांत अकरा जण तसे निघाले नाहीत. त्या अकरांना तिने फोन केले आणि त्यांतल्या नऊ जणांचं औषध वेळेत सुरू झालं.

मुकुंदला आता नद्यांची नावं आठवत नसत. ती अजूनही पहिली बशी त्यालाच देई. तो “अजून थोडं” म्हणे, ती त्याच्या बशीत अजून थोडं घाली, आणि तो समाधानाने जेवे.

या सगळ्यात तिला सर्वांत लळा लागला तो अमळनेरच्या पुष्पलता सोनवणे यांचा. या बाई दर महिन्याला भांडत. ‘भरितातल्या लसणाने आमच्या घरातल्या पाली पळाल्या, आता तरी कमी करा.’ ‘मृदुलाताई, तुम्ही ऐकायचं नाही आणि मी थांबायचं नाही.’ महिना उलटून पत्र आलं नाही, तर मृदुलाला चैन पडत नसे. या बाईचं नाक शंभर वर्षं असंच फेंदारलेलं राहो, असं ती मनोमन म्हणे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी पत्र आलं.

‘मृदुलाताई, हरले बघा मी. काल तुमच्याच मापाने भरीत केलं आणि लसूण अगदी बेताचा लागला. इतकी वर्षं मीच चुकत होते की काय, कोण जाणे. उगाच छळलं तुम्हाला. माफी असावी.’

मृदुलाने ते तीनदा वाचलं. नोव्हेंबरचं पत्र काढलं, त्यात लसणावर दीड पान होतं. डिसेंबरच्या पत्रात चार ओळी होत्या. जानेवारीत पत्र आलं नव्हतं. आतून मुकुंद कोण आलंय म्हणून विचारत होता. ती त्याला कोणी नाही म्हणाली आणि फोन लावला.

“अगंबाई, तुम्ही स्वतः?” पुष्पलताबाई हरखून गेल्या. “शेजारणीला सांगितलं तर खरं वाटायचं नाही तिला. मिळालं ना माझं पत्र? आता हसा मला पोटभर.”

“पुष्पलताताई, घरी तुमच्याजवळ कोण आहे?”

“लेक आलीय ना माहेरपणाला. का हो?”

मृदुलाने फोन तोंडापासून लांब धरला. तिला रडू आवरत नव्हतं. मुकुंदच्या वेळी असा फोन कोणी केला नव्हता.

“तिला बोलवा,” ती म्हणाली, “आणि दोघी बसून घ्या. माफी मी मागायची आहे. लसूण जास्तच आहे, ताई. इतकी वर्षं तुमचंच बरोबर होतं. काल पहिल्यांदा चुकलात.”